बोलके खेळणे आणि अबोल मूल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



अशा समारंभात बोलायला उभी राहिलेली प्रत्येक बाई आरंभीच सांगून टाकते की, मी काही वक्ती नव्हे. मीही तेच सांगते. आणि माझ्या बाबतीत ते खरे आहे याला निम्मी सभा साक्षी आहे. गेल्या वर्षी आभार मानताना मी मांडववाल्याचे आभार दोनदा मानले आणि पाहुण्यांचे मानायचे राहूनच गेले. तरीसुद्धा कार्यकारिणीने यंदा मला 'लहान मुलांची खेळणी' या विषयावर बोलायला सांगितले, त्याचे कारण मला ठाऊक आहे. माझ्या घरी जे घडले ते मी एका दुपारी लोणच्याच्या फोडी करता करता चौघींना सांगितले होते, आणि त्या चौघींनी ठरवले की हे सगळ्यांनी ऐकावे. तेव्हा आज मी उपदेश करायला उभी नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगायला उभी आहे.

माझा मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरीला मुंबईस जातात. सकाळी पावणेआठची गाडी, परत यायला रात्रीचे आठ. नातू सहा महिन्यांचा झाल्यापासून दिवसभर माझ्याजवळ. त्याचा पहिला वाढदिवस आला, त्याच महिन्यात आपल्या मंडळातली भिशी मला लागली. मी मनाशी म्हटले, आपल्या मुलांना आपण काय दिले? एक लाकडी पांगुळगाडा, तोही थोरल्या जावेकडून आलेला, आणि जुन्या साडीच्या चिंध्या भरून शिवलेला चेंडू. नातवाला तरी मनासारखे काही घेऊ या. दुकानात गेले. दुकानदाराने सांगितले, "आजी, हल्ली हे चालते." खेळण्यातला लॅपटॉप होता. बटण दाबले की दिवे लागत, इंग्रजी अक्षरे उच्चारी, गाय हंबरे, कोंबडा आरवे, गाणे लागे. खोक्यावर लिहिले होते की याने मुलाची बुद्धी वाढते, भाषा वाढते. साडेतीन हजार रुपये मोजले. वाढदिवसाला आलेल्या सगळ्यांनी ते खेळणे हातात घेऊन पाहिले आणि माझी छाती अभिमानाने फुगली, हे मी कबूल करते. एवढ्या महागाचे खेळणे आपण मुलासाठी किती घेतो आणि आल्यागेल्यांसाठी किती घेतो, हा प्रश्न मला त्या दिवशी सुचला नाही.

खेळणे उत्तम चालले. मुलगा तासन्‌तास त्यासमोर बसे. मला दुपारी पाठ टेकायला मिळू लागली. पुढे त्याचा कंटाळा आला तेव्हा मुलाने जुनी टॅबलेट घरात काढून ठेवली होती, ती मी भिंतीला टेकवून त्याच्यापुढे ठेवू लागले. भरवताना तर ती हवीच. पोरगे पडद्याकडे बघत तोंड उघडी आणि वाटी रिकामी होई. आपण आता मोठे शहाणे झालो, असे मला वाटे. आमच्या वेळी चिऊकाऊचा घास भरवताना अर्धा तास गॅलरीत उभे राहावे लागे!

मुलगा वीस महिन्यांचा झाला. "आई" आणि "दे" याखेरीज बोलत नव्हता. त्या खेळण्याच्या गाण्याची चाल मात्र अचूक गुणगुणे. शेजारीपाजारी म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात. सूनबाईंना चैन पडेना. आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी कान तपासून घेतले. कान चांगले होते. बाकीचीही तपासणी झाली, काही वावगे निघाले नाही. मग डॉक्टरीणबाईंनी वही बाजूला ठेवून अगदी साधा प्रश्न विचारला : "दिवसभर बाळाशी कोण बोलते?"

मैत्रिणींनो, "मी बोलते" असे म्हणायला मी तोंड उघडले आणि शब्द आत राहिला. आमच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत आवाज असतो. कुकरची शिट्टी असते, दूरचित्रवाणी असते, ते खेळणे असते. पण बाळाशी कोण बोलते? मी त्याला उचलते, न्हाऊ घालते, भरवते, झोपवते, हे सगळे मायेने करते. आणि हे करताना बोलत असते ते खेळणे. मी गप्प असते. सूनबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. एवढे त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावले, आणि ते मी तुम्हांलाही नीट सांगते, कारण अर्धवट ऐकून भीती पसरवण्यात अर्थ नाही. खेळण्याने मूल मुके होते असे कोणी म्हटलेले नाही. काही मुले आपोआपच उशिरा बोलतात. काहींना खरोखर उपचार लागतात, आणि त्यासाठी वेळेवर दाखवणे जरूर असते. पण मूल बोलायला शिकते ते बोलणाऱ्या माणसाकडून. ते "ऊं" म्हणते, आपण "काय रे, पाणी हवे?" म्हणतो, ते पुन्हा "ऊं" म्हणते. या देवाणघेवाणीतून भाषा येते. यंत्र बोलते, पण ऐकत नाही. मुलाच्या "ऊं"ला त्याच्याजवळ उत्तर नसते.

नंतर मी या विषयावर मुलाकडून आणि सूनबाईंकडून बरेच वाचून घेतले. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या अभ्यासिकेने केलेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार पटला. दहा ते सोळा महिन्यांची सव्वीस मुले आणि त्यांचे पालक घेतले. घरीच, काही वेळ विजेची बोलकी खेळणी देऊन, काही वेळ ठोकळ्यांसारखी साधी खेळणी देऊन आणि काही वेळ चित्रांची पुस्तके देऊन त्यांचे बोलणे नोंदले. मोजले कोणाचे बोलणे? मुलांचे तर मोजलेच, पण मोठ्यांचेही मोजले! बोलके खेळणे पुढे असताना पालक मिनिटाला सुमारे चाळीस शब्द बोलले. साध्या खेळण्याबरोबर सुमारे छप्पन्न. आणि पुस्तक हातात असताना सदुसष्ट. खेळणे बोलू लागले की आई गप्प बसते. प्रयोग लहानसा होता, सव्वीसच घरांचा. पण माझे सत्ताविसावे घर त्याला जोडून पाहा. आकडे तंतोतंत जमतील.

आता साध्या खेळण्यात असे काय असते ते पाहू. लाकडाचा ठोकळा घ्या. तो स्वतः काहीच करीत नाही. मूल त्याला गाडी म्हणते तेव्हा तो गाडी होतो, कानाला लावते तेव्हा फोन होतो, दुसऱ्यावर ठेवते तेव्हा घर होते. घर पडते, मूल रागावते, पुन्हा रचते. मोठा खाली आणि लहान वर ठेवावा लागतो हे त्याला कोणी सांगावे लागत नाही, पडणारे ठोकळेच सांगतात. विजेच्या खेळण्यात सगळी करामत खेळण्याने करायची आणि मुलाने बटण दाबायचे. मग खेळले कोण? खेळणेच खेळले, मूल प्रेक्षक झाले.

अमेरिकेत खेळण्यांचे एक मोठे संग्रहालय आहे. तेथे जगातल्या उत्तम खेळण्यांना मानाचे स्थान देतात. २००५ मध्ये त्यांनी तो मान कशाला दिला म्हणाल? पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्याला! २००८ मध्ये झाडाच्या काटकीला. वाढदिवसाचे ते साडेतीन हजारांचे खेळणे ज्या खोक्यातून आले, त्या खोक्यात माझा नातू दोन दिवस जाऊन बसत होता आणि मी ते खोके रद्दीवाल्याला दिले, याची मला आठवण झाली. २०१८ मध्ये त्याच देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही पालकांना सांगितले की, उत्तम खेळणे महाग किंवा झगमगीत असावे लागत नाही. मूल आणि मोठे माणूस एकमेकांजवळ येतील असे साधे खेळणे बरे.

पण हे ऐकायला अमेरिकेला जायची गरज काय? आपल्या ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी हे आपल्याच जिल्ह्याशेजारी करून दाखवले. माँटेसरीबाईंची साधने शास्त्रशुद्ध, पण महाग. खेड्यातल्या शाळेला ती कुठून परवडणार? १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झाल्यावर त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे, माती अशा भोवतालच्या वस्तूंचीच साधने केली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. त्याच्या मुळाशी हे अंगण आहे. आणि पुण्याच्या आयुका संस्थेत काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांतून विज्ञानाची खेळणी केली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे ही काही गरिबीची सोय नव्हे. विचार करून निवडलेली वाट आहे.

आता तुमच्या मनातले आक्षेप मीच बोलून दाखवते, कारण ते माझ्याच घरात निघाले होते.

पहिला आक्षेप मुलाचा. "आई, जग यंत्राचे आहे. पोरगा मागे पडेल." मी त्याला म्हटले, "तू संगणक कधी पाहिलास? कॉलेजात. आज त्याच्यावरच पोट भरतोस ना? मागे पडलास का?" बटण दाबायला मूल आठ दिवसांत शिकते. वाट पाहायला, पडलेले पुन्हा रचायला, दुसऱ्याला आपला चेंडू द्यायला वर्षे लागतात, आणि ती वर्षे हीच.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. कामावरून थकून आलेल्या बाईने काय करावे? एका हातात पोळीचे पीठ, पायाशी रडणारे मूल, आणि तिने गोष्टी सांगत बसावे काय? ज्या बायकांवर हा प्रसंग रोज येतो त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मला तर दिवसभर घरी राहूनही जमले नव्हते. पण पिठाचा एक गोळा त्या मुलाच्याही हातात देता येतो. बोलायचे तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. "ही बघ पोळी फुगली, ही माझी, ती तुझी" एवढे पुरते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची सूचना अशी आहे की, दोन वर्षांखालील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये, दूरच्या नातलगांशी अधूनमधून समोरासमोर बोलणे तेवढे सोडून. आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांनी जवळ बसून. तेव्हा परदेशातल्या लेकीला नातवंड दाखवायला कोणाची हरकत नाही.

तिसरा मुद्दा आपल्याच स्वभावाचा. साधी खेळणी चांगली म्हटल्याबरोबर आता लाकडी खेळण्यांचाही थाट निघाला आहे. परदेशी लाकडाचे आठ ठोकळे आणि किंमत त्या लॅपटॉपाहून जास्त! ती घेऊन पुन्हा वाढदिवसाला मिरवली तर आपण काय शिकलो? आणि खेळण्यांचा ढीगही नको. अमेरिकेतल्याच एका पाहणीत छत्तीस मुलांना कधी चार खेळणी देऊन पाहिली, कधी सोळा. चारच असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली.

शेवटचा मुद्दा जिवाचा, तो मात्र कृपा करून लक्षात ठेवा. बोलक्या खेळण्यात, गाणाऱ्या शुभेच्छापत्रात, रिमोटात गुंडीएवढा चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतून भाजून गंभीर इजा होऊ शकते. सेलाचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले आहे ना, हे आज घरी गेल्यावर पाहा. आणि नुसता संशय आला तरी वाट न पाहता इस्पितळ गाठा. खेळणे घेताना आय.एस.आय.चे चिन्ह पाहा. २०२१ च्या आरंभापासून ते आपल्या देशात सक्तीचे झाले आहे. आणि जुने ते सगळे सोने, असेही समजू नका. चिंचोके, सागरगोटे, कवड्या, गोट्या ही आपली लाडकी खेळणी तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतात. तोंडात मावेल अशी वस्तू त्या वयात हाती देऊ नये.

आता आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगते. ते खेळणे आणि ती टॅबलेट माळ्यावर गेली. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. पोरगे माळ्याकडे बोट दाखवून रडे, जेवताना तोंड मिटून घेई. दोनदा मी स्टूल घेऊन माळ्याखाली उभी राहिले आणि पुन्हा उतरले. मग मी स्वयंपाकघरातला खालचा खण त्याला मोकळा करून दिला. डबे, झाकणे, लाकडी डाव, पिठाची चाळण, दोन वाट्या. डब्यावर झाकण बसवायला त्याला तीन दिवस लागले आणि बसले तेव्हा त्याने माझ्याकडे जे पाहिले, तसे त्या लॅपटॉपाकडे कधी पाहिले नव्हते. मी मटार सोलायला बसले की तो शेजारी बसे आणि रिकाम्या शेंगा टोपलीत टाकी. मी बोलत राही. सुरुवातीला मला स्वतःचीच लाज वाटे. भिंतीशी बोलल्यासारखे वाटे. एक दिवस त्याने पिठाची चाळण डोक्यावर ठेवली आणि स्पष्ट म्हणाला, "तोपी." मी मटाराची परात तशीच टाकून उठले. सूनबाईंना कचेरीत फोन केला. दोघीही काही बोललो नाही, नुसत्या रडलो.

आज तो साडेतीन वर्षांचा आहे आणि इतका बोलतो की दुपारी पाठ टेकायची सोय उरली नाही. ते खेळण्यामुळे अडले होते आणि माळ्यामुळे सुटले, असा दावा मी करीत नाही. डॉक्टरीणबाईसुद्धा करीत नाहीत. कदाचित तो बोललाच असता. पण आठ-नऊ महिने तो माझ्या मांडीवर बसून माझ्या बोलण्याची वाट पाहत होता आणि मी दुसऱ्या कोणाला बोलायला ठेवले होते. ते महिने मला परत मिळणार नाहीत. तुमच्यापैकी कोणाचे जाऊ नयेत, म्हणून हे चारचौघींत सांगितले.

नुसते भाषण करून बसणे आपल्या मंडळाच्या रीतीत बसत नाही. म्हणून तीन गोष्टी सुचवते. आपल्या शिवणवर्गात चिंध्यांची पोती पडून असतात. त्यांचे चेंडू आणि बाहुल्या करू या, डोळ्यांना मणी न लावता दोऱ्याने भरून. सुताराकडून उरलेले तुकडे आणून पॉलिशपेपरने घासून ठोकळे करू या, रंग न लावता. हे सगळे एका पेटीत ठेवून शनिवारी मंडळाच्या खोलीत लहान मुलांसाठी तासभर उघडू या, आणि पुस्तकांसारखे नोंदवहीत लिहून घरीही देऊ या. दुसरे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी घरात लहान मूल असेल तिला चेंडूचे वाण देऊ या. आणि तिसरे, एकमेकींच्या नातवंडांच्या वाढदिवसाला सेलावर चालणारे खेळणे न्यायचे नाही, एवढा एक शब्द आज एकमेकींना देऊ या.

माझा लॅपटॉप अजून माळ्यावर आहे. कोणाला देऊन टाकावा असे वाटले, पण कोणाच्या मुलाला द्यायचा, हे ठरत नाही.

 गेल्या वर्षी राहिले होते म्हणून, आजच्या पाहुण्यांचे मी आत्ताच आभार मानते.